नीळकंठशास्त्र्यांचे पाचारण

1870 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर नव्हे. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन दोन तपे उलटली नव्हती. रेल्वे त्या गावाच्या आसपासही आलेली नव्हती. गोंड राजांनी बांधलेला परकोट, महाकालीचे व अचलेश्वराचे देऊळ, बाहेर इरई व झरपट, आणि त्यापलीकडे वैनगंगेपर्यंत व तिच्याही पार पसरलेले अरण्य. आजचा गडचिरोली जिल्हा 1982 पर्यंत चांद्याच्याच पोटात होता. अशा या गावी स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने आपले ठाणे मांडले आणि त्याच्या आरंभीच्या काळात तेथे जो पाळक काही काळ राहिला, तो युरोपियन साहेब नव्हता. काशीत न्यायशास्त्राचे अध्ययन केलेला तो चित्पावन ब्राह्मण होता. त्याचे नाव नीळकंठशास्त्री, बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोरे.

मराठी वाचकाला हे नाव बहुधा पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून ठाऊक असते. रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळविण्यात ज्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता ते फादर गोरे, एवढ्यावर त्यांची ओळख संपते. वस्तुतः त्यांच्या आयुष्याचे खरे मोल निराळे आहे. धर्मसेवेचे पाचारण आपल्याला खरोखर झाले आहे काय, हा प्रश्न या मनुष्याने सत्तेचाळीस वर्षे स्वतःला विचारला, आणि त्याचे सोयीस्कर उत्तर कधीही स्वीकारले नाही.

1825 मध्ये झाशीजवळ त्यांचा जन्म झाला. घराणे मूळ कोकणातले. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होते. पुढे कुटुंब काशीत स्थायिक झाले. घरी सुबत्ता होती, धर्मनिष्ठा होती आणि विद्येला मान होता. नीळकंठ तरुणपणी मिशनऱ्यांकडे गेले ते त्यांना वादात जिंकण्यासाठी. जॉन म्यूर याने संस्कृतात हिंदू मतांवर टीका करणारा ग्रंथ लिहिला होता. त्याला नीळकंठशास्त्र्यांनी विशीच्या आत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून संस्कृतातच उत्तर दिले. परंतु न्यायशास्त्राची शिस्त मोठी कठोर असते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्यावाचून त्याचे खंडन करता येत नाही. पूर्वपक्ष मांडता मांडता शास्त्रीबुवांचा स्वतःच्या सिद्धांतावरचा विश्वासच डळमळू लागला. 14 मार्च 1848 रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतरित ब्राह्मण पंडित ही त्या काळी मिशनांच्या दृष्टीने दुर्मिळ प्राप्ती होती. अशा माणसाला पद देण्यास कोणीही उत्सुक असणार, आणि घरदार सुटलेल्या माणसाला पदाची गरजही असणार. त्या पिढीतील कित्येक नवख्रिस्ती याच वाटेने मिशनच्या नोकरीत शिरले. त्यांत सच्चे लोक होते, तसे निरुपायाने आलेलेही होते. उपजीविका आणि पाचारण यांची सरमिसळ येथेच होते. नीळकंठशास्त्र्यांना ती दिसली असावी, कारण त्यांनी उपदेशकाचे काम पत्करले, पण पाळकपदाची दीक्षा मात्र सुमारे दोन दशके लांबली. मधल्या काळात ते इंग्लंडला जाऊन आले. महाराज दुलीपसिंगांबरोबर पंडित म्हणून ते गेले होते आणि चर्च मिशनरी सोसायटीच्या इझ्लिंग्टन येथील विद्यालयात त्यांनी अध्ययनही केले. 1860 मध्ये त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला व दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. कीर्ती होती, विद्वत्ता होती, शुद्ध चारित्र्य होते. पाळक व्हायला आणखी काय हवे, असे कोणीही म्हटले असते. पण ज्याला दीक्षा घ्यावयाची होती तोच तसे म्हणत नव्हता.

ख्रिस्ती परंपरेत पाचारणाच्या दोन साक्षी मानल्या जातात. एक अंतःकरणाची, दुसरी मंडळीची. सामान्यतः उमेदवाराच्या मनात आधी उत्साह असतो आणि मंडळी त्याची कसोटी घेते. गोऱ्यांच्या बाबतीत हा क्रम नेमका उलटला. मंडळी केव्हाच राजी होती; अंतःकरण मात्र पुरावा मागत राहिले. कलकत्त्याचे बिशप मिलमन यांच्या काळात, 1870 च्या सुमारास, अखेर ते पाळक झाले आणि चांद्याकडे वळले.

चांदा ही शास्त्र्यांसाठी विचित्रच जागा. काशीत त्यांच्या संस्कृताला श्रोता होता आणि कलकत्त्यात ब्राह्मो विचारवंत होते. येथे गावात मराठी, दक्षिणेकडे तेलुगू आणि रानात गोंडी. षड्दर्शनांचे खंडन ऐकून घ्यायला तेथे कोण बसणार? आजही त्या भागात बदली झाली की मास्तर आणि कारकून शिक्षा झाल्यासारखे तोंड करतात, आणि 1973 पासून हेमलकशाला आपण होऊन राहिलेल्या आमटे कुटुंबाचे आपल्याला नवल वाटते ते यामुळेच. जेथे आपल्या गुणांचे कौतुक होत नाही तेथे मनुष्य कशाच्या बळावर टिकतो, हे अशा ठिकाणी कळते. गोरे तेथे फार काळ टिकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. चांद्याचे मिशन पुढे इस्राएल जेकब यांनी आणि नंतर अलेक्झांडर वुड यांनी चालविले. हे वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. चांद्याला सातत्य दिले ते त्यांनी, विद्वान शास्त्र्यांनी नव्हे.

गोऱ्यांची ओढ संन्यासाकडे होती. ऑक्सफर्डजवळ काउली येथे फादर बेन्सन यांनी 1866 मध्ये एक व्रतस्थ संघ स्थापन केला होता. त्याचे साधू 1874 च्या सुमारास मुंबईत आले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची व्रते. काशीत वाढलेल्या मनाला ही भाषा जवळची वाटली तर नवल नाही. 1876 मध्ये ते उमेदवार म्हणून काउलीला गेले, परत आले, आणि जन्मभर उमेदवारच राहिले. फकिरासारखे राहत, पण आजन्म व्रताची शपथ मात्र त्यांनी घेतली नाही. शंका उरली असता शपथ घेणे त्यांना असत्य वाटत होते.

या चोखंदळपणाची किंमत इतरांनाही पडली. पत्नी लक्ष्मीबाई 1853 मध्ये, कन्येच्या जन्मानंतर लवकरच वारल्या. ती कन्या, एलन लक्ष्मी, परक्यांच्या घरी आणि पुढे इंग्लंडात वाढली. ती भक्तिगीते लिहिणारी कवयित्री म्हणून नावारूपाला आली हे खरे. पण तिचे बालपण बापाविना गेले. ज्याला स्वतःच्या आत्म्याचा हिशेब इतक्या बारकाईने ठेवायचा असतो, त्याच्या हातून जवळच्यांचा हिशेब राहून जातो. गोऱ्यांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

आणि तरीही रमाबाईंसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या, स्वतः संस्कृत पंडिता असलेल्या स्त्रीला पटले ते या संशयी माणसाचेच म्हणणे. 1882 च्या सुमारास पुण्यात त्यांचा परिचय झाला. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त कशावरून, याविषयी गोऱ्यांनी त्यांना सविस्तर लिहून पाठविले, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ठाम आवाजात उपदेश करणारे पुष्कळ मिशनरी त्यांना भेटले असतील. पण आपल्याच श्रद्धेची उलटतपासणी घेतलेला वादी निराळा असतो; समोरची व्यक्ती विचारील तो प्रत्येक प्रश्न त्याने आधीच स्वतःला विचारलेला असतो.

29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, पंचवीसेक वर्षे पाळक होते, आणि काउलीच्या संघाच्या यादीत त्यांचे नाव तोवर उमेदवारांतच होते.