एका फेऱ्याची श्रुती : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

घरातल्या स्टिरिओसाठी दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी शेजारी ठेवून त्यांचा आवाज ताडून पाहणारे रसिक महाराष्ट्रात पूर्वीही होते आणि आजही आहेत. कुणाला व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ऊबदार नाद भावतो, तर कुणाला ट्रान्झिस्टरचा स्वच्छ आणि कोरडा नाद. या कसोटीसाठी सहसा नव्या, झगझगीत ध्वनिमुद्रिका निवडल्या जातात. मात्र यंत्राची खरी परीक्षा घेणारा आवाज १९३७ मध्येच निमाला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा तो आवाज होता.

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे त्यांचा जन्म झाला. घराण्यात गाणे आणि सारंगी पिढीजात होती. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात रुजू झाले. तेथील सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे सूत जुळले आणि बडोदे सोडून दोघे मुंबईत आले. पुढे मिरज ही त्यांची कर्मभूमी ठरली. उत्तरेतला हा गवैया मराठी मुलखाने असा आपलासा केला, की त्यांच्या गायकीचा विस्तारही प्रामुख्याने मराठी आणि कानडी शिष्यांकडूनच झाला. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय सुरू केले. शिष्यांना घरी ठेवून घेऊन शिकवण्याची जुनी रीत त्यांनी तेथेही सोडली नाही. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचेच शिष्य. त्यांनी टिपू नावाच्या कुत्र्यालाही सूर लावायला शिकवले होते, ही हकिकत पुण्यात बराच काळ चवीने सांगितली जात असे.

सुराच्या बाबतीत मात्र हा माणूस कमालीचा काटेकोर होता. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करीत. तंबोरा जुळवताना पंचमाऐवजी निषाद ठेवण्याकडे त्यांचा ओढा असे. त्यांच्या या कानाचा उपयोग शास्त्राच्या एका मोठ्या वादात झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल हे सोनोमीटरच्या तारेवर बावीस श्रुतींचे मोजमाप करीत होते. १९१० मध्ये त्यांचा श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आयसीएस अधिकारी ई. क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. पडताळ्यासाठी त्यांना खात्रीचा गळा हवा होता आणि तो खाँसाहेबांनी पुरवला. या मोजमापांवरून श्रुती-हार्मोनियम तयार करण्यात आली. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण भातखंड्यांसारख्या जाणकारांनी ती स्वीकारली नाही. गळ्यातली श्रुती पट्टीच्या पेटीत बंद करता येईल काय, या प्रश्नावर त्या दिवशी एकमत झाले नाही. नंतरही ते कधी झाले नाही.

या वादाच्या आधीच, १९०५ च्या सुमारास, खाँसाहेबांचा आवाज तबकडीवर उतरला होता. तेव्हा मायक्रोफोनही नव्हता आणि अ‍ॅम्प्लिफायरही नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ ओढायची. कर्ण्याला हवा होता ठणठणीत, फेकीचा आवाज. खाँसाहेबांचा गळा बारीक, उंच आणि अतिशय नाजूक कणांनी भरलेला. कर्ण्याने त्यातला मधला भाग तेवढा उचलला, वरची झळाळी आणि खालचा आधार दोन्ही गळून पडले. त्या तबकड्या ऐकून खाँसाहेबांबद्दल मत बनवणे अन्यायाचे होईल.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि चित्र पालटले. मायक्रोफोनने पकडलेला क्षीण विद्युतप्रवाह व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाढवून कोरणीच्या सुईपर्यंत नेता येऊ लागला. आता गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीने खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, तेव्हा ते साठीच्या पुढे होते. तरीही गळा आणि यंत्र यांची खरी गाठ तेव्हाच पडली. झिंझोटीतली ठुमरी त्याच मालिकेतली. १९३५ च्या ‘देवदास’मध्ये सैगल यांनीही ती गायली. खरहरप्रियेतील त्यागराजांची कृतीही खाँसाहेबांनी तबकडीवर दिली. कर्नाटक पद्धतीच्या सरगमीचे त्यांना आकर्षण होते आणि उत्तरेच्या गवयाने तिकडचे गाणे इतक्या मनःपूर्वक आपलेसे करण्याचे उदाहरण त्या काळी विरळाच.

तीन-सव्वातीन मिनिटांची ही गाणी आज घरच्या स्टिरिओवर लावली तर काय होते? पहिली अडचण अ‍ॅम्प्लिफायरच्या आतली. त्यातील फोनो विभाग १९५४ च्या सुमारास रूढ झालेल्या ‘आरआयएए’ प्रमाणानुसार खर्ज उचलतो आणि तीव्र स्वर दाबतो. जुन्या तबकड्या या प्रमाणाने कोरलेल्याच नाहीत. परिणामी खाँसाहेबांचा आवाज घोंगडीतून आल्यासारखा घुसमटतो आणि दोष मात्र तबकडीला दिला जातो. दुसरी गोष्ट सोपी आहे. तबकडी एकाच वाहिनीची असल्याने स्टिरिओचे मोनो बटण दाबावे. दोन्ही वाहिन्या एकत्र झाल्या की सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारी खरखर बरीचशी मिटते. महागडा अ‍ॅम्प्लिफायर आणि साधा अ‍ॅम्प्लिफायर यांतला फरक या तबकड्यांवर फारसा जाणवत नाही, या दोन गोष्टींचा फरक मात्र पहिल्याच आलापीत कळतो.

खरी मेख वेगाची आहे. ७८ फेऱ्यांचे प्रमाण सुरुवातीच्या काळात काटेकोर पाळले जात नसे. चार-पाच फेरे इकडेतिकडे झाले की षड्ज अर्ध्या स्वराने सरकतो. एका फेऱ्याच्या फरकाने आवाज सुमारे सव्वा टक्का चढतो किंवा उतरतो. शास्त्रकार ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात, त्या ८१ ला ८० या गुणोत्तराचे अंतरही नेमके सव्वा टक्काच आहे. ज्या अंतरासाठी देवलांनी तारा ताणल्या आणि खाँसाहेबांनी गळा दिला, ते अंतर तबकडीचा एक फेरा चुकताच हातचे निसटते. स्वरांची आपसातली नाती तेवढी शाबूत राहतात, पण गाणे त्यांच्या पट्टीत राहत नाही आणि गळ्याचा पोतही बदलतो.

घरच्या आघाडीवर त्यांना फार सोसावे लागले. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही नावे पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, पण त्यांच्यामागे वडिलांचे नाव नव्हते. सूर मात्र त्यांचाच होता. हिराबाईंच्या आणि खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासकडच्या दौऱ्यावर होते. पाँडिचेरीकडे जाताना गाडीत अस्वस्थ वाटू लागल्याने ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावरच बिछाना घातला गेला. त्यांनी नमाज पढला, दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव आळवले आणि २७ ऑक्टोबरला तेथेच प्राण सोडला. पार्थिव मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात.