शिवरायांचा पोशाख : खिलतीपासून राजवस्त्रांपर्यंत

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड हे गाव राजमाता जिजाबाईंच्या वाड्यामुळे आणि समाधीमुळे सर्वपरिचित आहे. १६७४च्या मे महिन्यात याच गावी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन आपल्या लवाजम्यासह येऊन थांबला होता. शिवाजी महाराज राज्याभिषेकापूर्वी प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेले होते. ते परतल्यावरच त्याला गडावर प्रवेश मिळाला. अशा युरोपीय मंडळींना मराठी मुलखात टोपीकर म्हणत. डोक्यावरच्या नमद्याच्या टोपीवरून साऱ्या जमातीला नाव मिळावे, इतके त्या काळी पेहरावाला महत्त्व होते. माणूस कोणत्या मुलखाचा, कोणत्या हुद्द्याचा आणि कोणाचा चाकर, हे त्याच्या अंगावरच्या कापडावरून कळत असे. महाराजांच्या चरित्रातील अनेक मोठे प्रसंग या दृष्टीने पाहिले, तर त्यांचा एक वेगळाच अर्थ उलगडतो.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनी पुण्याच्या जहागिरीतून स्वराज्याची उभारणी सुरू केली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट ठरली, तेव्हा पोशाख हाच युद्धाचा भाग झाला. वर जरीची कुडती आणि मंदील, आत मात्र पोलादी कड्यांचे चिलखत आणि पागोट्याखाली लोखंडी टोप, असा त्यांचा वेष असल्याचे वर्णन आढळते. चिलखत म्हणजे हजारो बारीक कड्या एकमेकींत गुंफून केलेला लोखंडी अंगरखाच. शरीराबरोबर वाकणारा, वरच्या कपड्याखाली झाकला जाणारा, पण शस्त्राची धार अडवणारा. खानाचा वार कुडतीवर खरखरला, अंगाला लागला नाही, असे बखर सांगते. मऊ कापडाआड दडलेल्या त्या लोखंडाने स्वराज्य वाचवले.

पुढे १६६५ साली मिर्झा राजा जयसिंगाशी पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले द्यावे लागले. बादशहाकडून फर्मान आणि खिलत आली, ती महाराजांना रीतीप्रमाणे सामोरे जाऊन स्वीकारावी लागली. खिलत म्हणजे बादशहाने दिलेला मानाचा पोशाख. तो उंची असे. परंतु तो अंगावर घालणे म्हणजे देणाऱ्याचे धनीपण मान्य करणे, हा त्यातला खरा अर्थ. म्हणूनच १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात जे घडले, ते केवळ मानापमानाचे प्रकरण नव्हते. शाहजादे, वजीर जाफरखान आणि जसवंतसिंह यांना खिलती दिल्या गेल्या, महाराजांना मात्र डावलले गेले. संतप्त होऊन ते दरबारातून बाजूला झाले. समजूत घालण्यासाठी नंतर खिलत पुढे करण्यात आली, तेव्हा ती अंगावर घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. मोगल दरबारात हा नकार म्हणजे उघड अवज्ञा होती. तिची किंमत नजरकैदेने चुकवावी लागली आणि १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज त्या कैदेतून निसटले.

आठ वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला. अभिषेकाची ओली वस्त्रे उतरवून महाराजांनी भरजरी राजवस्त्रे परिधान केली. ही वस्त्रे कोणा बादशहाने पाठवलेली नव्हती. इतकेच नव्हे, तर आता वस्त्रे देणारा हात त्यांचा होता. अष्टप्रधानांना होन, हत्ती, घोडा आणि अलंकार यांच्याबरोबर वस्त्रेही देण्यात आली. पदाची वस्त्रे देण्याची ही प्रथा मराठी राज्यात पुढे दीर्घकाळ टिकली. साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे घेतल्याखेरीज पेशव्याचा अधिकार पक्का होत नसे. राज्याच्या अठरा कारखान्यांत जामदारखान्याचा समावेश होता, तो वस्त्रांच्या या महत्त्वामुळेच. मुलाचा हा सोहळा पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, जिजाबाईंनी पाचाडात देह ठेवला.

महाराजांचा नेहमीचा पोशाख कसा होता, याचा उत्तम पुरावा म्हणजे सतराव्या शतकातील लघुचित्रे. ती आज लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम येथील संग्रहांत आहेत. त्यांत तलम सुती कापडाचा, बटनांऐवजी बंदांनी आवळलेला जामा, कमरेला नक्षीदार पटका, त्यात खोचलेली कट्यार आणि डोक्याला तुरा लावलेले, मागे झुकलेले पागोटे दिसते. दख्खनच्या उन्हात सुती मलमलच योग्य. जरीकाम काठ-पदरापुरते आणि पटक्यापुरते. पैठण आणि बऱ्हाणपूर ही त्या काळची रेशीम-जरीची नामांकित ठिकाणे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी गोवळकोंड्यात प्रवेश करताना मात्र महाराजांनी सैन्याला मुद्दाम जरीने आणि मोत्यांच्या तुऱ्यांनी सजवले होते, असे सभासद सांगतो. कुठे साधेपणा आणि कुठे थाट, याचे भान त्यामागे होते.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. आज नाटक, चित्रपट आणि मिरवणुकांसाठी शिवकालीन पोशाख शिवले जातात, तेव्हा चकचकीत मखमल, कृत्रिम जर आणि प्लास्टिकचे मोती सहज वापरले जातात. दिसायला ते भव्य असतात. पण जाम्याचे सुती कापड, बंदांची बांधणी आणि पागोट्याचा खरा घाट त्यांत हरवतो. जुन्या चित्रांकडे पाहून शिवलेला साधा जामा त्या झगमगाटापेक्षा इतिहासाच्या अधिक जवळ जाईल. आग्र्याची खिलत नाकारणाऱ्या राजाच्या बाबतीत तरी कापडाची निवड ही किरकोळ गोष्ट मानता येत नाही.