सायकलीकडून नांगराकडे

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे (१८६९–१९५६) नाव निघाले की लोकांना मोठमोठे कारखाने आठवतात. मला मात्र त्यांचे बेळगावातले सायकलींचे दुकान आठवते. दुसऱ्यांनी बनवलेल्या सायकली विकून संसार चालला असता. पण लक्ष्मणराव स्वतः माल बनवण्याकडे वळले. कडबा कापायचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात. अशा वेळी नांगराचा नाद सोडणे सोपे होते. त्यांनी तो सोडला नाही. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

धंदा बदलू का, असे कोणी विचारले की मी उलट विचारतो : पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत तग धरशील का?