कागदावरचा वाडा : पी. जी. वुडहाऊस

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका इंग्रज लेखकाचे चरित्र कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आपले पु. ल. देशपांडे ज्यांचे निस्सीम चाहते होते, त्या पी. जी. वुडहाऊस यांची ओळख विनोदप्रेमी मराठी माणसाला असावी, असे मला मनापासून वाटते. शिवाय पोटापाण्यासाठी गाव सोडून रिछाईत स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांना त्यांच्या आयुष्यात ओळखीचे असे बरेच काही सापडेल.

वुडहाऊस यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे झाला. वडील हाँगकाँगला दंडाधिकारी होते. दोन वर्षांच्या या मुलाला थोरल्या दोन भावांसह दाईच्या हवाली करून आईवडील नोकरीच्या ठिकाणी परतले. वयाच्या तिसऱ्या ते पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना आईवडिलांचा सहवास मिळाला तो सगळा मिळून जेमतेम सहा महिने! सुट्ट्या मावशा-आत्यांकडे आणि पाद्री असलेल्या काकांकडे जात. ही मंडळी जवळपासच्या उमरावांच्या वाड्यांवर भेटीला गेली, की मुलाची रवानगी चहासाठी नोकरांच्या दालनात होई. मालकांचा तोरा आणि नोकरांची हुशारी, दोन्ही त्याने तिथे जवळून पाहिले. पुढच्या साऱ्या लेखनाचे भांडवल हेच.

त्यांच्या नशिबात आपल्या रुपयाचाही हात आहे. वडिलांचे निवृत्तिवेतन रुपयांत मिळे आणि पौंडाच्या तुलनेत रुपयाचा भाव सारखा खालीवर होई. त्यामुळे थोरला भाऊ आर्मिन ऑक्सफर्डला गेला, पण धाकट्याचे तिथे जाणे राहिले. १९०० साली त्यांना लंडनमध्ये हाँगकाँग बँकेत कारकुनी पत्करावी लागली. बँकेत मन रमेना. रात्री लिहीत बसायचे. दोन वर्षांनी नोकरी सोडून त्यांनी लेखणी हाती धरली. आर्मिन पुढे भारतात प्राध्यापक झाले. काशीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात त्यांनी शिकवले. मुंबईच्या कुलाब्यातील जुना वुडहाऊस रोडही याच घराण्यातील एका गव्हर्नरच्या नावाचा.

१९१५ साली ब्लॅंडिंग्ज या वाड्यावरची पहिली कादंबरी आली. वाड्याचे धनी लॉर्ड एम्सवर्थ विसराळू. बहिणींच्या धाकात राहणारे. पुढच्या कादंबऱ्यांत तर त्यांचा सारा जीव एका बक्षीसपात्र डुकरिणीत गुंतलेला दिसतो. त्याच वर्षी जीव्हज हा सेवकही अवतरला. मालक बर्टी संकटात सापडतो आणि नोकर त्याला अलगद बाहेर काढतो. आपल्या चिमणराव-गुंड्याभाऊंची आठवण यावी अशीच ही जोडी. वाचताना सारे सहज वाटते, पण एकेका कथानकासाठी ते शेकडो पाने टिपणे काढीत. नव्वदाहून अधिक पुस्तके अशी कष्टाने लिहिली.

मग आयुष्यातला कसोटीचा काळ आला. १९४० साली फ्रान्समध्ये राहत असताना ते जर्मनांच्या हाती सापडले. स्थानबद्धतेतही त्यांनी एक कादंबरी पूर्ण केली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिन रेडिओवरून अमेरिकन श्रोत्यांसाठी पाच भाषणे केली. त्यांत छावणीतल्या दिवसांच्या गमतीजमती होत्या, राजकारण नव्हते. पण इंग्लंडवर बॉम्ब पडलेले, आणि हे गृहस्थ शत्रूच्या रेडिओवर विनोद करतात! देशद्रोही म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, काही वाचनालयांनी त्यांची पुस्तके काढून टाकली. १९४४ च्या सरकारी चौकशीत खटला भरण्याजोगा पुरावा आढळला नाही, पण तो अहवाल १९८० पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. परत आल्यास खटला होणार नाही, अशी हमीही सरकारने दिली नाही. १९४७ साली ते अमेरिकेला गेले, १९५५ साली तिथले नागरिक झाले आणि मायदेशी पुन्हा कधीच परतले नाहीत.

मला सर्वांत जास्त थक्क करते ते यापुढचे. ज्या देशाने दार लावून घेतले, त्याच देशातला तो वाडा, ती हिरवळ आणि ते विसराळू लॉर्ड ते अमेरिकेत बसून पुढची जवळजवळ तीस वर्षे लिहीत राहिले. लेखनात कडवटपणाचा लवलेश नाही. १९७५ च्या नववर्षी ब्रिटनने त्यांना 'सर' हा किताब दिला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, ९३ व्या वर्षी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ब्लॅंडिंग्जचीच एक कादंबरी तेव्हा अपुरी राहिली होती.

आपणही इथे बसून गावाकडचे घर आठवतो. त्या आठवणीत भाऊबंदकी नसते, गळके छप्पर नसते. असते ती ओसरी, आजी आणि गणपतीची आरास. असे घर खोटे, असे कुणी म्हणेल. पण ज्याला लहानपणी घरच मिळाले नाही, त्याने असेच एक घर रचून जगभरच्या लाखो लोकांना त्यात हसत ठेवले. सवड काढून त्यातले एखादे पुस्तक अवश्य वाचावे आणि मुलांच्याही हाती द्यावे, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!