गोविंद नारायण माडगावकर : मुंबई बंदराचे मराठी वृत्तकार

मुंबई बंदराच्या पूर्वेतिहासात गव्हर्नरांची आणि तहांची नावे ठळकपणे येतात. त्या बंदराभोवती वसलेल्या माणसांना मराठी गद्यात सविस्तर स्थान मिळाले ते एका शाळामास्तराच्या हातून. गोविंद नारायण माडगावकर यांचा जन्म गोव्यातील मडगाव येथे १८१५ साली झाला आणि १८२४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, ते मुंबईस आले. ज्या शहराचे पुढे ते वृत्तकार झाले, त्या शहरात ते स्वतःच एक आगंतुक होते.

त्या काळी मुंबईची बेटे सांधण्याचे काम पुरे झालेले नव्हते. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बुजविण्यात आले होते. शीवचा रस्ता १८०५ मध्ये साष्टीस जाऊन मिळाला होता. माहीमहून वांद्र्यास जावयाचे तर मात्र नावेचाच आधार घ्यावा लागे; तेथील रस्ता १८४५ साली झाला. १८०३ च्या आगीनंतर कोटातील हिंदी वस्तीचा मोठा भाग कोटाबाहेर सरकू लागला होता. मुंबादेवीचे मूळ देऊळही मैदानाच्या विस्तारापायी अठराव्या शतकातच स्थलांतरित झाले होते. बेटांवरचे देवसुद्धा या नगरीत आपल्या मूळ जागी राहिले नव्हते.

माडगावकरांनी जॉन विल्सन यांच्या मिशनशाळेत अध्यापन केले. १८३९ मधील पारशी तरुणांच्या आणि १८४३ मधील ब्राह्मण तरुणांच्या धर्मांतरांनी त्या शाळेभोवती मोठे वादळ उठले. माडगावकर शाळेत राहिले आणि हिंदू धर्मातही राहिले. ‘सत्यनिरूपण’, ‘व्यवहारोपयोगी नाटक’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी साध्या, बोधपर गद्याचा पाया घातला.

त्यांचा प्रमुख ग्रंथ ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाला. कोळी, भंडारी, पाठारे प्रभू हे बेटांवरील जुने रहिवासी. बिंब राजाची माहीम येथील वसाहत ही परंपरेने सांगितलेली कथा. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून ही बेटे पोर्तुगिजांकडे गेली, १६६१ च्या विवाहतहान्वये इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीकडे. राज्यकर्ते असे बदलत गेले. वस्ती मात्र एकावर एक साचत गेली. म्हणूनच माडगावकरांच्या ग्रंथात देवळे, मशिदी, तळी, बाजार, जाती, धंदे आणि सण यांना इतकी जागा मिळाली आहे. बंदर म्हणजे केवळ धक्का व गलबते नव्हेत, बाहेरून येऊन स्थिरावलेल्या माणसांचा तो समूह आहे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

हा ग्रंथ योग्य वेळी लिहिला गेला. बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आला, पैशाचा पूर लोटला आणि समुद्र हटविण्याच्या योजना निघाल्या. १८६४ च्या गणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी माडगावकर निवर्तले. त्यांनी शब्दांत धरून ठेवलेली मुंबई त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीशी होत होती.

इंग्रजी राज्याविषयीचा त्यांचा आदर आजच्या वाचकास भाबडा वाटेल. ऐकीव कथा व कागदोपत्री पुरावा यांतील भेदही ते नेहमी काटेकोरपणे पाळत नाहीत. तथापि आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ मध्ये, दा कुन्हा यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये आणि राजवाडे यांनी संपादिलेली ‘महिकावतीची बखर’ १९२४ मध्ये प्रकाशात आली, हे ध्यानात घेतले म्हणजे माडगावकरांच्या कार्याचे मोल कळते. न. र. फाटक यांच्या संपादनाने १९६१ मध्ये त्यांचा ग्रंथ पुन्हा वाचकांपुढे आला. २००९ मध्ये मुरली रंगनाथन यांनी तो इंग्रजीत नेला. भारतीय भाषांतील नगरवर्णनपर गद्याचा विचार करताना या मडगावच्या मास्तरांना वगळून पुढे जाता येत नाही.