पंडिता रमाबाई : अनाथांची आई व कारभारीण

अनाथ लेंकरांचा कळवळा पुष्कळांस येतो; परंतु त्या कळवळ्यास कारभाराची जोड देऊन शेंकडों जीवांचा संसार वर्षानुवर्षें चालविणें थोड्यांसच साधतें. ज्यांस तें साधलें, अशा पंडिता रमाबाईंचें चरित्र येथें थोडक्यांत देतों.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ मध्यें गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईनें तीच विद्या मुलीस दिली. पुढें दुष्काळांत आईबाप अंतरले. भाऊ श्रीनिवास याजबरोबर पायीं हिंडत त्या १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांजशीं विवाह झाला, आणि १८८२ मध्यें पतीहि गेले. कडेवर तान्ही मनोरमा होती. भूक, पोरकेपण व वैधव्य हीं तिन्ही त्यांनीं स्वतः भोगलीं.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्यें विलायतेस जाऊन त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिकेंत उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला. तेव्हां बोस्टन येथें मंडळी जमून तिनें दहा वर्षें द्रव्यसाह्य करण्याचें वचन दिलें.

ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. धर्माविषयीं कोणावर सक्ती करावयाची नाहीं, हा तेथील नियम होता. तथापि कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां १८९३ मध्यें पुण्यांत मोठें वादळ उठलें. वचन मोडलें असें नगरवासीयांस वाटलें. आपण कोणास बोलाविलें नाहीं व कोणास हांकलणारहि नाहीं, अशी बाईंची भूमिका होती. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून निघाले. पालकांनीं अनेक मुली काढून नेल्या. पण सदन बंद पडलें नाहीं. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांजशीं पुनर्विवाह झाला.

१८९६-९७ च्या दुष्काळांत बाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं वांचविल्या. इतक्यांत पुण्यांत प्लेगचा कहर झाला. तेव्हां फळबागेसाठीं पूर्वीं घेतलेली केडगांवची जमीन उपयोगीं पडली. तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० मध्यें गुजराथच्या दुष्काळपीडित मुली आल्या व कुटुंब सुमारें २,००० झालें.

एवढ्यांस रोज जेवूं घालावयाचें, तर धान्य, सरपण व पाणी यांची तजवीज महिनोगणती आधीं करावी लागते. बाईंनीं विहिरी खणविल्या. पतित स्त्रियांसाठीं कृपा सदन, वृद्ध व अपंगांसाठीं प्रीति सदन, अंधांसाठीं बार्तिमी सदन, अशीं गरजेप्रमाणें निराळीं घरें केलीं. थोरल्या मुलींवर धाकट्यांचा सांभाळ सोंपविला. शाळेबरोबर विणकाम, शेती, छापखाना हे उद्योग शिकविले. कारण भिक्षेवर वाढलेलें मूल पुढें स्वतःच्या पायांवर उभें राहत नाहीं, हें त्या जाणून होत्या.

१९१९ मध्यें सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. आपल्यामागें मनोरमेनें कारभार पाहावा अशी त्यांची योजना होती. पण १९२१ च्या जुलईंत ती आईच्या आधींच गेली. तें दुःख गिळून बाईंनीं पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर तडीस नेलें, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. कार्य मात्र त्यांजबरोबर संपलें नाहीं. केडगांवीं निराधारांस आजहि आसरा मिळतो.

बंधुभगिनींनो, आपल्या गांवीं पोरकें मूल दिसलें तर डोळे भरून येणें ही केवळ सुरुवात होय. तें आज कोठें निजेल, उद्यां काय खाईल, कोणती विद्या शिकेल व आपल्यामागें त्याचें कोण, हें जो नेमानें पाहतो त्यानेंच त्याजवर खरी प्रीति केली.