सोन्याचे रंग पाहणारे मायकेल फॅरडे

आपल्या बीदरच्या बिदरी सुरईवर काळ्या धातूत ठोकून बसवलेली चांदी पांढरीशुभ्र दिसते, आणि सोने म्हटले की पिवळेच. परंतु तेच सोने हिरवे आणि लालही दिसते. या गोष्टीचा कसून शोध घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे मायकेल फॅरडे.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळा लिहिण्यावाचण्यापुरतीच. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला राहिले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शहाणे झाले. १८१३ साली त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांच्या हाताखाली जागा मिळाली. १८३१ साली त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधले.

१८५६ साली, स्मरणशक्ती साथ देत नसताना, त्यांनी सोन्याचा वर्ख हाती घेतला. त्यातून येणारा उजेड हिरवा दिसे. वर्ख काचेवर ठेवून तापवला की हिरवा रंग जाई, दाबून घासला की परत येई. मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यावर त्यांनी फॉस्फरसचा प्रयोग केला, तेव्हा पाणी माणकासारखे लाल झाले. त्यात प्रकाशाचा झोत सोडताच झोताची वाट उजळली. यावरून त्यांनी ओळखले की सोने विरघळलेले नसून त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत आहेत. १८५७ साली त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे मांडले. कारण पुरते उलगडले नव्हते, तेही त्यांनी लपवले नाही.

१९०८ साली गुस्ताव मी यांनी त्याचे गणित मांडले. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाश पडला की कणातील इलेक्ट्रॉन झोक्यासारखे एकदम हेलकावतात. ज्या रंगाची लय या झोक्याशी जुळते तो रंग कण टिपून घेतो, उरलेला आपल्याला दिसतो. म्हणून हिरवा टिपणारे सोने लाल दिसते. या हेलकाव्यांना आज प्लाझ्मॉन म्हणतात. गर्भचाचणीच्या पट्टीवरील लाल रेघ पुष्कळदा अशाच सोन्याच्या कणांची असते.

फॅरडे सँडमनियन मंडळीचे वडील होते. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले, पण मुलांसाठी नाताळची व्याख्यानमाला एकोणीस वेळा दिली. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले. त्यांच्या हातचे ते लाल पाणी लंडनच्या त्याच संस्थेत अजून जपून ठेवलेले आहे.